विद्यावेतन दिले, विद्या कोणती दिली?

राज्य शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जाहीर केली, तेव्हा तिचे स्वागत आणि तिची टवाळी या दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या. ‘लाडक्या बहिणी’च्या पाठोपाठ आलेली म्हणून लोकांनी तिला ‘लाडका भाऊ’ असे नावही देऊन टाकले. बारावी उत्तीर्ण झालेल्यास दरमहा ६,००० रुपये, आयटीआय अथवा पदविका असलेल्यास ८,००० रुपये आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन. वय १८ ते ३५. मुदत सहा महिने. वर्षाला दहा लाख तरुणांचे उद्दिष्ट आणि त्यासाठी सुमारे ५,५०० कोटी रुपये, असे तिचे स्वरूप होते. २०२५ साली मुदत पाच महिन्यांनी वाढवून ती अकरा महिन्यांवर नेण्यात आली. अकरा महिने सरताच प्रशिक्षणार्थी मोर्चे काढू लागले. ‘आम्हाला कायम करा’ ही त्यांची मागणी होती. ‘ही योजना प्रशिक्षणाची आहे, नोकरीची नव्हे’ ही शासनाची भूमिका होती. वर्तमानपत्रांतून जी चर्चा झाली ती या दोन वाक्यांच्या मध्येच घुटमळत राहिली.

या प्रशिक्षणार्थींपैकी बरेच जण जिल्हा परिषदेच्या शाळांत पाठविण्यात आले होते. आमच्या हिंगोली जिल्ह्यातही गावोगावच्या शाळांतून ते काही काळ दिसत होते. त्यांतील एक आमच्या महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी. अर्थशास्त्र घेऊन पदवीधर झालेली, सेनगाव तालुक्यातील एका लहान गावात राहणारी. मुदत संपल्यावर कुठल्याशा अर्जावर सही घ्यावयास ती आली आणि तिने एक साधा प्रश्न विचारला : “सर, अनुभवाच्या रकान्यात काय लिहू?”

अकरा महिन्यांत तिने काय काय केले याची उजळणी आम्ही दोघांनी मिळून केली. विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर भरली, पोषण आहाराच्या नोंदी ठेवल्या, गुरुजी बैठकीस गेले की वर्ग सांभाळला. आणि आणखी एक गोष्ट, जी तिने जरा संकोचूनच सांगितली. तिसरीतला एक मुलगा दिवाळीनंतर बोलेनासा झाला होता. आईबाप ऊसतोडीस गेलेले, घरी थकलेली आजी. मारामारी नाही, रडणे नाही. नुसता भिंतीला टेकून बसे. ही मुलगी रोज मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ बसू लागली, खिचडीच्या ताटल्या मोजण्याचे काम तिने त्याला दिले. तीन-चार आठवड्यांनी तो ताटल्यांचा आकडा मोठ्याने म्हणू लागला आणि मग हळूहळू इतर गोष्टीही बोलू लागला. पुढे हिची मुदत संपली. त्या मुलाचे काय झाले हे तिला ठाऊक नाही.

अकरा महिन्यांतील तिचे खरे काम कोणते होते, याविषयी आम्हा दोघांचे दुमत नव्हते. परंतु त्या कामाला नाव नव्हते, त्यासाठी तिला कोणी काही शिकविले नव्हते, आणि अर्जात त्याला रकाना नव्हता. प्रस्तुत लेखाचा विषय हा रकाना आहे.

‘शिकाऊ’ या शब्दाचा अर्थ

अर्थशास्त्रात शिकाऊ उमेदवारी हा एक करार मानला जातो. शिकणारा कमी मोबदल्यात श्रम देतो, आणि शिकविणारा त्या बदल्यात विद्या देतो. गॅरी बेकर यांनी १९६४ साली मानवी भांडवलाचा जो विचार मांडला त्यात याचे सूत्र स्पष्ट आहे. जे कौशल्य कुठेही विकता येते त्याचा खर्च मालक करीत नाही. शिकणाराच कमी वेतन घेऊन तो सोसतो. म्हणजे कमी वेतन ही विद्येची फी होय. मग जेथे विद्याच दिली जात नाही तेथे ते कमी वेतन कशाची फी ठरते? तेथे ‘विद्यावेतन’ हा शब्द केवळ शोभेचा राहतो आणि उरतात ते स्वस्तातले श्रम. ॲडम स्मिथने १७७६ सालीच सात-सात वर्षांच्या उमेदवारीवर टीका केली होती. शिकण्यास थोडे दिवस पुरतात आणि राबवून घेतले जाते वर्षानुवर्षे, हा त्या टीकेचा एक रोख होता.

आपल्याकडील १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने हा करार बराच नीट बांधला आहे. त्या कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, हे खरे. परंतु ही सूट मालकाला फुकट मिळालेली नाही. करार नोंदवावा लागतो, प्रत्यक्ष कामाबरोबर त्या व्यवसायाचे पायाभूत शिक्षण द्यावे लागते, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र असते. २०१४ च्या दुरुस्तीने ठरीव यादीबाहेरच्या व्यवसायांतही शिकाऊ उमेदवार घेण्याची वाट मोकळी केली आहे. युवा प्रशिक्षण योजनेत विद्यावेतन होते आणि अखेरीस प्रमाणपत्रही होते. परंतु शाळेत गेलेल्या तरुणाने काय शिकावयाचे, कोणाकडून शिकावयाचे आणि ते आले की नाही हे कोणी पाहावयाचे, याची बांधणी नव्हती. म्हणून मोर्चातील तरुण आणि मंत्रालय या दोघांचेही अर्धे बरोबर आहे. ही नोकरी नव्हती, हे शासनाचे म्हणणे खरे. पण मग ते प्रशिक्षणही नव्हते, हेही तितकेच खरे.

दप्तराबाहेरचे ओझे

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. पाच तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेनुसार पावणेबारा लाखांच्या वस्तीचा हा जिल्हा मुख्यतः खेड्यांचा आहे. हळदीने वसमत आणि हिंगोलीच्या बाजारपेठेला नाव मिळवून दिले. परंतु जिल्ह्याची बहुसंख्य शेती अजून पावसावर आणि सोयाबीन-कापसाच्या भावावर हेलकावे खात असते. ज्यांची शेती तेवढीही नाही ते दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल फेडावयास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात जातात, काही वीटभट्ट्यांवर जातात. कारखान्यांचा गळीत हंगाम आणि शाळेचे दुसरे सत्र हे एकाच काळात चालते. मूल बरोबर गेले तर शाळा तुटते, मागे राहिले तर आईबाप तुटतात. शासनाने हंगामी वसतिगृहे काढली, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय केली. या सोयींनी मुलाचे जेवण आणि हजेरी काही प्रमाणात सांभाळली जाते. त्याच्या मनाची हजेरी कोण घेणार, हा प्रश्न तेथेच राहतो.

दुसरे दुःख याहून गडद आहे. महसूल विभागाच्या नोंदींनुसार २०२३ या एका वर्षात मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतील ४२ हिंगोली जिल्ह्यातील होत्या. शेजारच्या जिल्ह्यांच्या मानाने हा आकडा लहान म्हणून कोणी समाधान मानील तर ते क्रौर्य ठरेल. प्रकरण पात्र ठरल्यास कुटुंबास एक लाख रुपये मिळतात : ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीच्या रूपाने. त्या घरातले मूल तेराव्याचे विधी आटोपल्यावर पुन्हा शाळेत येऊन बसते. वर्गात सर्वांना सर्व ठाऊक असते आणि कोणी काही बोलत नाही. या मुलाच्या मनाचे काय, हा प्रश्न उरतोच.

हे काम गुरुजींनीच करावे, असे सहज म्हटले जाते. अनेक गुरुजी आणि बाई ते करतातही. त्यांच्यापुढे मान लववावी. परंतु साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक हे शिक्षण हक्क कायद्याचे प्रमाण आहे. म्हणजे दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता एकत्र शिकवावयाच्या, माहित्या भरावयाच्या, खिचडी पाहावयाची, निवडणूक आणि जनगणना आली की तीही करावयाची. मार्च २०२४ मध्ये शासनाने ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम पहिली ते आठवीसाठी जाहीर केला. हेतू चांगला आहे. तथापि दुःख हे आठवड्याच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही, आणि शनिवारी आनंद देणारे गुरुजी सोमवारी पुन्हा त्याच दोन-शिक्षकी शाळेत असतात.

शंभराचा उंबरठा

कायद्याचा दोष आहे असे म्हणता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात, मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त असावे, हे अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांतच घातलेले आहे. १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळांतून समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते असावेत असे म्हटले आहे. आणि २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभर लागू होणारी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. या न्यायनिर्णयामागे जे वास्तव आहे ते भयावह आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत १,७६४ एवढी सर्वाधिक संख्या महाराष्ट्रातील होती.

न्यायालयाने सांगितले की, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा; त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावेत. शहरातील शिकवणीवर्ग आणि मोठ्या शाळा यांच्यासाठी हा आदेश मोलाचा आहे. परंतु आमच्या वाडी-तांड्यांवरील जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांचा पट शंभराच्या आतच असतो. त्यांनी बाहेरचा तज्ज्ञ धरावयाचा तो कोठून? देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने हे प्रमाण पाऊण एवढेच दाखविले होते, आणि जे आहेत ते शहरांतून एकवटलेले. २०२२ पासून टेली-मानसची १४४१६ ही दूरध्वनी सेवा आहे आणि ती अवश्य वापरावी. पण तिसरीतले भिंतीला टेकलेले मूल दूरध्वनी फिरवीत नाही. त्याच्या वतीने तो फिरविणारे माणूस आधी शाळेत असावे लागते.

तज्ज्ञ आणि मूल यांच्यामधली ही जी जागा आहे ती भरून काढणे, हा आपल्यापुढील प्रश्न आहे. ती जागा डॉक्टरची नाही आणि शिक्षकाचीही नाही.

पुरावा काय सांगतो

अशा मधल्या माणसाचा उपयोग होतो काय, हे केवळ भावनेने ठरवू नये. सुदैवाने पाहण्यास पुरावा आहे, आणि त्यातील बराचसा आपल्याच देशातला आहे.

पहिला पुरावा मुंबई आणि वडोदऱ्याचा. ‘प्रथम’ या संस्थेने तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांसाठी ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतल्याच, दहावी-बारावी झालेल्या मुली. दोन आठवड्यांचे प्रशिक्षण. दरमहा पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. आणि रोज दोन तास पंधरा-वीस मुलांचा एक गट. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात त्याचा अभ्यास केला आणि तो २००७ साली प्रसिद्ध केला. मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ झाली, आणि ती मुख्यतः वर्गाच्या तळाशी असलेल्या मुलांत झाली. पुढे २०१९ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले ते ज्या पद्धतीच्या कामाबद्दल, त्यातलाच हा एक प्रारंभीचा प्रयोग होय.

दुसरा पुरावा आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. गोव्याच्या ‘संगत’ या संस्थेतील संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी माध्यमिक शाळांत एक प्रयोग केला. काही शाळांत शाळेचे वातावरण सुधारण्याचा कार्यक्रम तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षित अशा समुपदेशकाने राबविला. काही शाळांत तोच कार्यक्रम शिक्षकाने राबविला. उरलेल्या शाळांत तो नव्हता. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. समुपदेशकाच्या शाळांत मुलांचे नैराश्य आणि आपापसांतील दांडगाई कमी झाली, शाळेविषयीची आपुलकी वाढली. शिक्षकाने राबविलेल्या शाळांत काहीच फरक पडला नाही. नंतरच्या पाठपुराव्यातही हेच चित्र राहिले. यात शिक्षकांची निंदा नाही. ज्याच्या हाती छडी नसली तरी प्रगतिपुस्तक आहे, आणि ज्याच्या मागे शंभर कामे आहेत, त्याच्यापाशी मूल मन मोकळे करीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक सावधगिरी मात्र राखली पाहिजे. नालंदाचा प्रयोग माध्यमिक शाळांतला आहे. आठ वर्षांच्या मुलाला तो जसाच्या तसा लागू पडेल असे गृहीत धरू नये. तो आपल्याकडे करून पाहावा लागेल.

तिसरा पुरावा इशाऱ्याचा आहे आणि तो इंग्लंडचा आहे. तेथे वर्गात शिक्षकाच्या जोडीला सहायक ठेवण्याची पद्धत रुळलेली आहे. लंडन विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र संस्थेने २००३ ते २००९ या काळात मोठी पाहणी केली, तेव्हा असे आढळले की, ज्या मुलांना सहायकांचा सहवास सर्वांत जास्त मिळाला त्यांची प्रगती इतरांहून कमी झाली. दोष सहायकांचा नव्हता. त्यांना तयारी न देता मागे पडलेली मुले त्यांच्या गळ्यात बांधण्यात आली आणि त्या मुलांना खरा शिक्षक मिळेनासा झाला. यातून तो देश काही शिकला. साउदॅम्प्टनकडे सुरू झालेल्या एका पद्धतीत सहायकास मुलांच्या भावना हाताळण्याचे पाच-सहा दिवसांचे शिक्षण देतात, आणि त्यानंतर शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ नियमितपणे त्यांचे काम तपासतो. अलीकडे तेथे विशेष सहायकांसाठी जी रीतसर शिकाऊ उमेदवारी ठरविण्यात आली तीत मुलांचे सामाजिक व भावनिक स्वास्थ्य हा एक स्वतंत्र पर्याय ठेवला आहे, आणि कामाच्या वेळेतील काही तास शिकण्यासाठी राखून ठेवण्याचे बंधन आहे.

तिन्ही पुरावे एकत्र ठेवले तर बोध सरळ आहे. साध्या माणसाकडून हे काम होते. परंतु त्याला शिकविले पाहिजे, त्याच्यावर जाणत्याची देखरेख पाहिजे, आणि त्याला शिक्षकाच्या जागी उभे करता कामा नये. आमच्या माजी विद्यार्थिनीच्या वाट्याला यातील एकही गोष्ट आली नव्हती. तिने जे केले ते स्वतःच्या उपजत शहाणपणावर केले. शासनाने शहाणपण गृहीत धरून योजना आखू नये.

तीन आक्षेप

यावर आक्षेप येतील आणि ते किरकोळ नाहीत. पहिला आक्षेप शिक्षक संघटनांचा. हा स्वस्तातल्या शिक्षकांचा मागील दरवाजा आहे, असे त्या म्हणतील. आणि इतिहास त्यांच्या बाजूने आहे. या शतकाच्या आरंभी वस्तीशाळांतून स्वयंसेवक घेतले, त्यांना तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे राबविले आणि नियमित केले ते २०१४ साली. शिक्षणसेवकाची पद्धत २००० सालापासून आहे. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे मानधन सहा हजारांवरून सोळा हजार होण्यास २०२३ साल उजाडले. अंगणवाडीची योजना १९७५ ची. तिच्या सेविका अर्धशतकानंतरही ‘मानधनी’च आहेत. तेव्हा शिकाऊ सहायकाची योजना करावयाची तर तिच्या पहिल्याच कलमात लिहिले पाहिजे की, सहायक दिसतो म्हणून शिक्षकाचे एकही पद कमी होणार नाही, आणि सहायकाला कोणत्याही इयत्तेचा वर्ग नेमून दिला जाणार नाही. हे कलम नसेल तर योजनाच नको.

दुसरा आक्षेप ‘नीम हकीम खतरे जान’ हा. अर्धवट शिकलेले माणूस मुलाच्या मनाशी खेळेल, ही भीती रास्त आहे. तिच्यावर उपाय म्हणजे मर्यादा स्पष्ट आखणे. सहायकाने ऐकावे, जवळ बसावे, खेळात घ्यावे, गैरहजर मुलाच्या घरी जावे आणि धोक्याची खूण ओळखून वर कळवावे. निदान करू नये, उपचार करू नये, गुप्त ठेवावयाचे ते गावात बोलू नये. लहान गावात हा शेवटचा नियम सर्वांत कठीण आहे आणि म्हणून शिकवणीत त्याला सर्वांत जास्त तास द्यावे लागतील. अत्याचाराची शंका आल्यास काय करावयाचे याचा कायदा ठरलेला आहे. २०२२ पासून शाळाशाळांतून सखी सावित्री समित्या नेमण्याचा आदेशही आहे. सहायकास हा मार्ग पाठ असला पाहिजे.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सर्वांत अधिक टोचतो. बाप कर्जाने गेला, आई ऊस तोडते, आणि आम्ही मुलाच्या ‘भावनिक स्वास्थ्या’साठी ताई नेमणार, म्हणजे रोग शेतीत आणि मलम शाळेत, असे हे नाही काय? आहे. हमीभाव, सिंचन, पतपुरवठा आणि ऊसतोड कामगारांचे हक्क यांची जागा कोणतीही ताई घेऊ शकत नाही. आणि तशी ती घेते असा देखावा कोणी केला तर तो खोडून काढला पाहिजे. परंतु शेतीचा प्रश्न सुटेपर्यंत तिसरीतले मूल तिसरीत थांबून राहत नाही. त्याचे बालपण हे पुढल्या पंचवार्षिकावर टाकता येणारे काम नव्हे.

एका जिल्ह्याचा हिशेब

अर्थशास्त्राच्या माणसाने शेवटी पैशाचे बोलले पाहिजे. हिंगोली जिल्ह्यात शंभर शिकाऊ सहायक घ्यावेत असे समजू. प्रत्येकाकडे एकमेकांजवळच्या काही लहान शाळा आणि त्यांत आठवड्याचे दिवस वाटून दिलेले. विद्यावेतन दरमहा दहा हजार धरले तर वर्षाला एक कोटी वीस लाख रुपये. दहा सहायकांमागे एक याप्रमाणे समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकलेले दहा पर्यवेक्षक, दरमहा चाळीस हजारांनी, अठ्ठेचाळीस लाख. शिक्षणवर्ग, प्रवास आणि साहित्य यांस बत्तीस लाख. एकूण दोन कोटी. राज्याच्या ३६ जिल्ह्यांसाठी हाच हिशेब ७२ कोटींवर जातो. युवा प्रशिक्षण योजनेसाठी जाहीर झालेल्या रकमेच्या दीड टक्क्याहूनही हे कमी आहे. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत आणि ते पुढेमागे होतील. परंतु ‘पैसा नाही’ हे उत्तर टिकणार नाही, एवढे त्यांवरून दिसावे.

मुदत अकरा महिन्यांची नसावी, दोन वर्षांची असावी. मुलाला माणसाची सवय लागते आणि ते माणूस हंगामाच्या मध्येच नाहीसे होते, तेव्हा आईबाप गेल्याचाच अनुभव त्याला दुसऱ्यांदा येतो. सहायकाच्या बदलाची किंमत अंदाजपत्रकात कुठे दिसत नसली तरी ती मूल मोजते. त्यातही नोव्हेंबर ते एप्रिल या ऊसतोडीच्या महिन्यांत कोणाचीही नेमणूक संपता कामा नये. आठवड्यातील एक दिवस शिकण्याचा असावा. शिकविण्यास माणसे अगदीच नाहीत असे नाही : नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचे केंद्र आहे, आणि २०२४ साली हिंगोलीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. पुढे पाठवावयाच्या मुलांसाठी त्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात आठवड्याचा एक दिवस राखून ठेवणे अशक्य नाही. दोन वर्षांनंतर परीक्षा व्हावी, प्रमाणपत्र मिळावे आणि ते समाजकार्याच्या किंवा मानसशास्त्राच्या पुढील शिक्षणात जमेस धरले जावे. काहींना शासनाने केंद्र पातळीवर नियमित पद द्यावे. इतरांना आश्रमशाळा, वसतिगृहे, बालगृहे येथे या विद्येचा उपयोग होईल. प्रारंभ एका तालुक्यापासून करावा. निम्म्या केंद्रांत सहायक द्यावेत, निम्म्यांत वर्षभराने. आणि दोहोंतील मुलांची हजेरी, गळती आणि मनःस्थिती यांची तुलना करून निष्कर्ष, तो कसाही निघाला तरी, प्रसिद्ध करावा.

आमच्या औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो’ची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. कोट्यवधी वर्षांपूर्वी दूरच्या अवकाशात दोन कृष्णविवरे आदळली असता उठलेला, अणुगर्भाहूनही कितीतरी सूक्ष्म असा कंप ती टिपणार आहे. या जिल्ह्यातल्या माणसाला तिचा अभिमान वाटतो आणि वाटावाही. त्याच तालुक्याच्या एखाद्या शाळेत भिंतीला टेकून बसलेल्या मुलाच्या आत जे काही हलते आहे ते टिपण्यास यंत्र लागत नाही. मधल्या सुट्टीत जवळ बसणारे, शिकविलेले आणि उद्याही येणारे माणूस लागते.

माझ्या विद्यार्थिनीच्या अर्जावर मी सही केली. अनुभवाच्या रकान्यात आम्ही शेवटी ‘शालेय कामकाजात साहाय्य’ असे लिहिले, कारण त्याहून नेमके लिहावयास शासनाने शब्द दिलेला नाही. तो शब्द आणि त्यामागची विद्या देणे शासनाच्या हाती आहे. ते झाल्याखेरीज पुढल्या तुकडीलाही विद्यावेतन मिळेल, प्रमाणपत्र मिळेल, आणि तीही हाच प्रश्न घेऊन आमच्या दारात उभी राहील.